कावीळ झाली म्हणता, पण कोणती?

बावडेकरीण

हा धागा टाकायला तीन आठवडे उशीर झालाय. वहिनी घरी आल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. परवा संध्याकाळी ती आली. बाळ अजून दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे, पण दूध घ्यायला लागलंय. आता लिहिते.

भावाचं घर कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, पंचगंगेला लागून असलेल्या एका गावात. वहिनीचा सातवा सरत आला होता. पावसाला सुरुवात होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तिला फोडणीचा वास सहन होईना. एवढ्या दिवस भरलेल्या बाईला आता मळमळ कशी, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. पित्त म्हणून आल्याचा रस दिला. चार दिवसांनी लघवी काळ्या चहासारखी झाली, मग डोळे पिवळे दिसले. घरात एक वडीलधाऱ्या आहेत, त्या म्हणाल्या, "मी न्हेतो तिला. बुधवार चुकवायचा न्हाई, रविवारी परत."

कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. त्यानं तिच्या हाताला कसला तरी पाल्याचा रस चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं. सोबत गेलेल्या भावानं आपलेही हात पुढं केले, तर त्याचंही पाणी पिवळं झालं. त्याला सांगितलं, तुझ्याही अंगात आहे. भाऊ आजही तेच बोलून हळहळतो. त्याचे डोळे स्वच्छ, भूक चांगली, शेतात दिवसभर राबत होता. तिथंच शंका यायला हवी होती.

बुधवार, रविवार, पुन्हा बुधवार. तेल बंद, मीठ बंद, लाह्या आणि उसाचा रस. नवव्या दिवशी ती विचारलेल्याला भलतंच उत्तर द्यायला लागली. दिवसभर झोप, रात्री टक्क जागी. चूळ भरली की हिरडीतून रक्त. मग मात्र गाडी काढून शहरात आणलं. अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती कावीळ? काही तपासलंय का?" आम्ही चौघं जण एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. आम्हाला एवढंच माहीत होतं, की कावीळ आहे.

ती 'ई' निघाली. हिपॅटायटिस ई. एरवीच्या धडधाकट माणसाला हा आजार सहसा झेपतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरातल्या वीस ते पंचवीस बायका दगावू शकतात, असं आम्हाला तिथं उभ्या उभ्या सांगितलं गेलं. बाळ आठव्यातच झालं, पावणेदोन किलोचं.

म्हणून हा धागा. कावीळ हे रोगाचं नाव नाही, यकृत बिघडल्याची खूण आहे. विषाणूंमुळं होणाऱ्या काविळीत ए, बी, सी, डी, ई असे पाच प्रकार. ए आणि ई पाण्या-अन्नातून, म्हणजे स्पष्टच सांगायचं तर कुणाच्या तरी विष्ठेतला विषाणू आपल्या तोंडात गेल्यावर. बी आणि सी रक्तातून, बी शिवाय आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातून. डी फक्त ज्याला बी आहे त्यालाच होतो. घरात कुणाला कावीळ झाली तर यातलं अक्षर कोणतं, ते विचारल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नका. त्या एका अक्षरावर पुढचं सगळं ठरतं.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. ज्यांच्या घरात झालंय त्यांनीही लिहा.

पेठेतला_जुना

ताई, वाचून अंगावर काटा आला. बाळ-बाळंतिणीला उदंड आयुष्य लाभो.

एक विचारतो. आमच्यात स्टीलचा कँडलवाला फिल्टर आहे, वीस वर्षं झाली. शिवाय तुरटी फिरवतो. एवढं पुरे ना? शिवाजी पेठेत आता थेट पाइपलाइनचं, दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचं पाणी येतं, पंचगंगेचं नाही.

जलसुरक्षक

काका, पुरेसं नाही. मी एका ग्रामपंचायतीत पाण्याचं काम बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुरटीनं गाळ खाली बसतो, पाणी दिसायला निवळ होतं. कँडल गाळ आणि बरेचसे जंतू अडवते. पण ए आणि ई चे विषाणू इतके बारीक असतात, की कँडलच्या छिद्रातून सहज निघून जातात. घरात खात्रीचा उपाय एकच, पाणी उकळणं. नुसतं कोमट करून उतरवायचं नाही. खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट, आम्ही गावात पाच मिनिटं सांगतो म्हणजे एक तरी होतं. ज्या भांड्यात उकळलं त्याच भांड्यात झाकून थंड करा आणि ओगराळ्यानं काढा. पेला बुडवला की केलेलं पाण्यात गेलं.

आता पाइपलाइनचं. दूधगंगेचं पाणी धरणातून चांगलं निघालं, शुद्धीकरण केंद्रातून चांगलं निघालं, तरी तुमच्या नळापर्यंत ते जमिनीखालून येतं. आपल्याकडं पाणी चोवीस तास नसतं. पाणी बंद झालं की नळी रिकामी होते आणि आत ओढ तयार होते. नळी जिथं फुटली असेल, सांधा जिथं ढिला असेल, तिथून शेजारच्या गटारीचं पाणी आत ओढलं जातं. त्यात लोक नळाला थेट मोटर जोडतात. एकानं मोटर लावली की गल्लीतली सगळी घाण ओढली जाते, त्याच्या घरात आणि शेजाऱ्याच्याही. मी दरवर्षी हात जोडून सांगतो, पाणी आधी टाकीत पडू दे, मग टाकीतून मोटरनं चढवा.

क्लोरिनचंही बघा. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली म्हणजे झालं असं नसतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, तर पावडरीतला क्लोरिन उडून जातो आणि आपण पांढरी माती टाकत राहतो. टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी थांबवावं लागतं. आणि मोजायचं टाकीजवळ नाही, शेवटच्या घरातल्या नळाला. पाण्यातला क्लोरिन बघायच्या ओटी चाचणीत नळीत थेंब टाकले की पिवळा रंग यायला पाहिजे. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नळाला लिटरमागे ०.२ मिलीग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा असं आहे, पण विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर तो किमान ०.५ असावा, असंही त्याच मानकात लिहिलंय. ही दुसरी ओळ फार कमी जणांना ठाऊक असते. पावसाळ्यात आणि पुरानंतर आम्ही तीच धरून चालतो.

इचलकरंजीकर

२०१२ चा उन्हाळा आमच्या गावात कुणी विसरलेलं नाही. हीच ई कावीळ. गल्लीत एका घरात झाली म्हणेपर्यंत समोरच्या दोन घरांत. दवाखान्यांत खाटा पुरेनात, सायझिंगच्या आणि मागाच्या कामावरचे लोक सलाईन लावून बाकड्यावर बसलेले मी पाहिलेत. माणसं गेली, त्यात पोटुशा बायका होत्या. उन्हाळ्यात पंचगंगेचं पात्र आटलेलं, वरून येणारं सांडपाणी मात्र तेवढंच. पातळ व्हायला पाणीच नव्हतं.

लोकांना वाटतं कावीळ पावसाळ्यातली. आमची मे-जूनची होती.

बावडेकरीण

@इचलकरंजीकर, डॉक्टरांनी आम्हालाही हेच समजावलं. ई चा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, बहुतेकांना पाच-सहा. म्हणजे वहिनीनं ते पाणी पावसाआधीच प्यायलं होतं. आम्ही उगाच आदल्या दिवशीच्या पाणीपुरीला दोष देत होतो.

दख्खनचा_वारा

धागा चांगला आहे, पण एका बाजूचा वाटला. आमच्या मामांना कावीळ झाली तेव्हा गळ्यात माळ घातली होती. माळ रोज लांबत गेली, पोटापर्यंत आली आणि कावीळ गेली. हे मी डोळ्यांनी बघितलंय. गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या लोक बरे होतात ते खोटं कसं म्हणायचं? दवाखान्यात तरी काविळीवर औषध कुठं आहे, सलाईनच लावतात ना?

सूक्ष्मदर्शक

दख्खनचा_वारा, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवं. मी तेहतीस वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम केलं, आता निवृत्त आहे.

मामा बरे झाले हे खरंच आहे. ए आणि ई या काविळी बहुतेक माणसांत चार-सहा आठवड्यांत आपण होऊन जातात. आपलं शरीर विषाणूला हटवतं आणि यकृत हा अवयव स्वतःची झीज भरून काढण्यात सगळ्यांत पुढं आहे. त्या काळात गळ्यात माळ असेल तर यश माळेला जातं. माळ का लांबते तेही सांगतो. ती झाडाच्या ओल्या काड्यांना गाठी मारून केलेली असते. काड्या वाळून बारीक होतात, गाठी ढिल्या पडतात, दोरा मोकळा होतो. खिळ्याला टांगून ठेवलीत तरी लांबेल, करून बघा. हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ती आधी चोळलेल्या रसाची आणि चुन्याची क्रिया. बावडेकरीण ताईंच्या भावानं नकळत तो प्रयोगच केला. कावीळ म्हणजे रक्तात बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य वाढणं. ते शरीराबाहेर जातं पित्तातून आणि लघवीतून, तळहातातून नाही. नाकात रस पिळतात तेव्हा जे पिवळं पाणी गळतं, ते नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला आग झाल्यामुळं.

दवाखान्यात औषध नाही, हे ए आणि ई पुरतं बरंचसं खरं. तिथं जातो ते लक्ष ठेवायला. बिलिरुबिन किती, यकृताची सूज सांगणारं एसजीपीटी किती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पीटी-आयएनआर, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. यकृत कामातून जायला लागलं की हा आकडा आधी बोलतो, डोळ्यांचा पिवळेपणा नाही. ताईंच्या वहिनींच्या हिरडीतून रक्त आलं ते त्यामुळं. दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात घोटाळा, थांबत नाही अशी उलटी, कुठूनही रक्त येणं, यातलं एक जरी दिसलं तर त्याच तासाला निघा. गरोदर बाईनं तर डोळे पिवळे दिसताच निघावं, वाट बघूच नये.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. उतरवणारा सगळ्यांना एकच उपाय करतो. ज्याला बी आहे, ज्याला सी आहे, ज्याच्या पित्तनळीत खडा अडकलाय, ज्याला पुराच्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो झालाय, त्या सगळ्यांचे डोळे सारखेच पिवळे असतात. लेप्टो अँटिबायोटिकनं बरा होतो, वेळेत दिलं तर. खडा काढावा लागतो. बी चा पिवळेपणा उतरला तरी काहींच्या रक्तात विषाणू राहतो आणि वीस-पंचवीस वर्षं यकृत पोखरतो. माणूस म्हणतो, माझी कावीळ उतरली होती की.

पथ्याबद्दलही मनापासून सांगतो. रोग्याला उपाशी ठेवू नका. मळमळ असेल तेव्हा थोडं थोडं द्या, घरचं, ताजं, गरम. तेल-तुपाचा थेंब चालत नाही असं काही नाही, सोसेल तेवढं द्यावं. दारू पूर्ण बंद. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नयेत, पॅरासिटामॉलसुद्धा प्रमाणाबाहेर गेली की यकृतावरच जाते. आणि अनोळखी पाल्याचे रस तर नकोच, आजारी यकृताला तेच निस्तरावं लागतं. रस्त्यावरचा उसाचा रस काविळीला चांगला म्हणून पाजतात, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे कुणी विचारत नाही.

अजून एक जुनी गोष्ट. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून काविळीची मोठी साथ आली, सुमारे २९ हजार लोकांना. तेव्हा वाटलं, ए असेल. त्या वेळचं जपून ठेवलेलं रक्त पुढं कित्येक वर्षांनी तपासलं तेव्हा कळलं, ती ई होती. त्या साथीत टायफॉईड वाढला नव्हता, कारण पाण्यात क्लोरिन टाकत होते. तो जंतूंना पुरला, विषाणूंना पुरला नाही. जलसुरक्षकांनी ०.५ चा आकडा सांगितला त्यामागं हा सगळा इतिहास आहे.

जलसुरक्षक

दिल्लीचं हे माहीत नव्हतं काका. आमच्या पुढच्या बैठकीत सांगणार.

शेवंती

गेली सहा वर्षं या संकेतस्थळावर फक्त वाचत आले, आज पहिल्यांदा लिहितेय.

मला बी आहे. पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा नेहमीच्या रक्ततपासणीत एचबीएसएजी, म्हणजे बी ची तपासणी, पॉझिटिव्ह आली. माझे डोळे आयुष्यात कधी पिवळे झालेले नाहीत. मला तो कुठून आला हे सांगता येत नाही, बहुधा जन्मतःच आईकडून. आई लहानपणीच गेली, पोटात पाणी होऊन. तेव्हा कुणी तपासलं नव्हतं.

अहवाल घरी आला त्या संध्याकाळपासून माझं ताट वेगळं झालं. तांब्या वेगळा, उशी वेगळी. डोहाळजेवणाला ओटी भरताना दोघी जणींनी लांबूनच नारळ ठेवला. माझ्यावर कुणी ओरडलं नाही, नुसतं सगळं हळूहळू लांब सरकत गेलं. मी त्या महिन्यांत रडले तेवढी आयुष्यात कधी रडले नव्हते.

माझ्यासारखी कुणी हे वाचत असेल तर तिच्यासाठी सांगते. बी एका ताटात जेवून पसरत नाही. मिठी मारून, एका नळाचं पाणी पिऊन, शिंकेतून, स्वयंपाक करून पसरत नाही. दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश, नेलकटर, सुई, एवढं वेगळं ठेवायचं, कारण तिथं रक्ताचा अंश लागतो आणि सुकलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरतो. जखम झाली तर झाकायची. नवऱ्याची तपासणी करून त्याला लस द्यायची. झालं. ताट वेगळं करायची काहीही गरज नसते.

आणि बाळाचं. माझ्या रक्तात विषाणू किती आहे ते मोजलं, जास्त निघालं, म्हणून सातव्या महिन्यापासून रोज एक टेनोफोविरची गोळी चालू केली. बाळ झालं त्याच दिवशी, बारा तासांच्या आत त्याला दोन टोचण्या दिल्या, एक लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं. पुढं सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस, तिच्यात बी चीही असते. अंगावर पाजलं, त्याला मनाई नसते. दहाव्या महिन्यात त्याचं रक्त तपासलं. निगेटिव्ह. कागद हातात घेऊन मी अंबाबाईच्या देवळात गरुड मंडपात तासभर नुसती बसून होते.

मी दर सहा महिन्यांनी तपासायला जाते. एसजीपीटी, विषाणूचं प्रमाण, सोनोग्राफी. बी मुळापासून जाईल असं औषध अजून नाही, पण दाबून ठेवणारं आहे आणि ते चांगलं काम करतं.

आशा_भुदरगड

शेवंतीताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. मी आशा कार्यकर्ती आहे. उद्या माझ्या तीन गरोदर मातांना तुमची गोष्ट सांगणार, नाव-गाव काही न घेता.

जन्मल्याबरोबरची लस किती महत्त्वाची ते घरातल्यांना पटवताना आमचा जीव जातो. "आजच तर जन्मलंय, आजच कशाला टोचता" असं आजी म्हणतात. मी एवढंच सांगते, बी चा विषाणू मोठ्या माणसाला लागला तर शंभरातल्या पाचांहून कमी जणांच्या अंगात तो कायमचा राहतो. तान्ह्या बाळाला लागला तर शंभरातल्या नव्वदांच्या. म्हणून पहिले चोवीस तास सोन्याचे. सरकारी लसीकरणात ही लस २०११ पासून देशभर आहे, फुकट आहे. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना मिळालेली नाही. म्हणजे आज वीस-बावीस वर्षांच्या ज्या मुली माझ्याकडं गरोदरपणाची नोंद करायला येतात, त्यांनाही बहुधा नाही. त्यांचं एचबीएसएजी झालं का ते कार्डावर बघा. झालं नसेल तर हक्कानं मागा.

आमच्या भागात 'पांढरी कावीळ' म्हणून एक म्हणतात, तोंड पांढरं पडलं, धाप लागली की. दोघींना तपासायला नेलं तर रक्त सहा-सात ग्रॅमवर. लोहाच्या गोळ्यांनी सुधारल्या. त्याही आधी उतरवून आल्या होत्या.

तांबडी_माती

तालमीतल्या पोरांसाठी लिहितो.

एकाच पात्यानं चौघं जण दाढी करतात हे आमच्यात मी बघितलंय. कुस्तीत खरचटतं, कान फुटतो, आणि तोच टॉवेल सगळे तोंडाला पुसतात. वस्तादांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी काल सगळ्यांना स्वतःचा टॉवेल आणि स्वतःचं पातं आणायला लावलं. जखम असेल तर पट्टी बांधल्याशिवाय आखाड्यात उतरायचं नाही असंही सांगितलं.

सुईचंही मनावर घ्या. अंग बनवायला कुणी इंजेक्शन देतो म्हणाला आणि एकाच बाटलीत चौघांची सुई बुडाली की संपलं. जत्रेत गोंदणारा मशीनची सुई बदलतो का, नसेल तर हात मागं घ्या. सलूनमध्ये नवं पातं समोर फोडायला सांगा, न्हावीदादा रागवत नाहीत. आणि गावाकडं "सुई टोचल्याशिवाय बरं वाटत नाही" हा हट्ट सोडा. गोळीनं भागत असेल तर गोळी घ्या. टोचायचंच असेल तर पाकीट आपल्यासमोर फोडलं पाहिजे.

सूक्ष्मदर्शक

तांबडी_माती यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. २००९ साली गुजरातमध्ये साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात बी ची साथ आली होती. कारण निघालं, वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या. अनेक माणसं गेली. सांडपाण्याचा काही संबंध नव्हता.

बी हा एचआयव्हीपेक्षा ५० ते १०० पट सहज लागतो असं आम्हाला शिकवलं होतं. दवाखान्यात, प्रयोगशाळेत, सफाईला, कचरा उचलायला जी माणसं काम करतात, त्यांनी तीन डोस घेतलेच पाहिजेत. आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. दोन घेऊन तिसरा विसरणारे मी पुष्कळ बघितले.

पेठेतला_जुना

फिल्टर ठेवलाय बाजूला, कालपासून सूनबाई पाणी उकळतेय. गॅस जास्त जातो म्हणून मी कुरकुर केली होती, ती मागं घेतो.

सी बद्दल कुणी फार लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण तो माझा स्वतःचा आहे. १९८६ साली एसटीच्या अपघातात माझी मांडी मोडली, तीन बाटल्या रक्त चढवलं. ज्यांनी रक्त दिलं त्यांचे उपकारच आहेत, त्यांची काही चूक नाही. सी चा विषाणू तेव्हा कुणाला माहीतच नव्हता, तो १९८९ मध्ये सापडला. त्याच शोधाच्या कामाबद्दल २०२० साली तिघांना नोबेल मिळालं. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून बी लागला, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलंय. त्यांचं ऐकलं तेव्हा मी तपासून घेतलं. आधी अँटी-एचसीव्ही ही सी ची चाचणी पॉझिटिव्ह आली, मग आरएनए तपासलं, तर विषाणू अंगात जिवंत होता. तीस-बत्तीस वर्षं कसलाही त्रास नाही, फक्त दमायला व्हायचं. ते मी वयावर ढकलायचो.

बारा आठवडे रोज गोळ्या घेतल्या. संपल्यावर पुन्हा तीन महिन्यांनी आरएनए केलं. विषाणू नाही. गेला, कायमचा गेला. या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक बरे होतात असं डॉक्टर म्हणाले. सी ला लस नाही, पण औषध आहे. बी चं नेमकं उलटं.

गोळ्यांना एक रुपया लागला नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन, बी चा विषाणू शोधणाऱ्या बारूक ब्लूमबर्ग यांचा जन्मदिवस. ज्यांनी सत्तर-ऐंशी-नव्वदच्या दशकांत रक्त घेतलंय, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, त्यांनी सीपीआरला, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जाऊन नुसती चौकशी तरी करा. माझ्या वयाच्या मित्रांना हात जोडून सांगतो.

सूक्ष्मदर्शक

काका, फार मोलाचं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज असा, की भारतात बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे सुमारे ५५ लाख लोक आहेत. त्यातल्या बहुतेकांना स्वतःला पत्ता नाही. तुमच्यासारखेच, दमतात आणि वयावर ढकलतात.

दख्खनचा_वारा

सगळं वाचलं. माळेची गोष्ट पटायला जड जातेय, पण काल एक घरातच खिळ्याला टांगलीय, बघू.

मामांना फोन केला. त्यांना विचारलं, तेव्हा रक्त तपासलं होतं का. नाही म्हणाले. कोणती होती ते त्यांना माहीत नाही, मामींनाही नाही. आता तपासून काही कळेल का? कावीळ होऊन अकरा वर्षं झाली.

सूक्ष्मदर्शक

कळेल. एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही दोन्ही करा. निगेटिव्ह आलं तर निश्चिंत व्हा आणि मामांना बी ची लस द्या. पॉझिटिव्ह आलं तर मामी आणि मुलांचंही करा. माळ लांबली तरी इथं येऊन सांगा, नाही लांबली तरीही सांगा.

इचलकरंजीकर

२०१९ आणि २०२१ चा महापूर आठवतोय ना? उपसा केंद्रं पाण्याखाली, कोल्हापुरात कित्येक दिवस टँकर. पूर ओसरल्यावर आपण घर धुतो, जमिनीखालची टाकी मात्र तशीच राहते. त्यात गटार, ओढा, नदी सगळं एकत्र आलेलं असतं. टाकी पूर्ण उपसून, घासून, टीसीएलच्या पाण्यानं धुऊन मगच भरा. यंदा पाणी वाढलं तर हा धागा कुणीतरी वर काढा.

आशा_भुदरगड

घरात ए किंवा ई चा रोगी असेल तर त्याची भांडी वेगळी करण्यात जीव घालवू नका, संडासावरून आल्यावर साबणानं हात धुण्यात घाला. रोग्यानं, आणि रोग्याचं करणाऱ्यानंही. लहान मुलाची शी धुतल्यावर तर नक्की. ए ची लस खासगी दवाखान्यात मिळते, सरकारी यादीत ती नाही. परवडत असेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारा. ई ची लस आपल्या लसीकरणात नाही, तिथं पाणीच सांभाळायचं.

बावडेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंतीताई, तुमचं लिखाण वहिनीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्यांना सांगा, मी त्यांच्या घरी जेवायला येईन.

ज्या वडीलधाऱ्या तिला घेऊन गेल्या होत्या, त्यांनी तेव्हापासून अन्न गोड मानलेलं नाही. त्यांनी मायेनंच नेलं होतं. त्यांना दोष द्यायला मी हा धागा काढला नाही, त्यांना हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

@जलसुरक्षक, भावाच्या गावात आणखी दोघांचे डोळे पिवळे झालेत. दोघं एकाच गल्लीतले, गल्लीच्या टोकाला. ग्रामपंचायत म्हणते टीसीएल रोज टाकतो. काय करू?

जलसुरक्षक

ताई, आधी त्या दोघांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. एका गावात तीन रोगी म्हणजे साथीची नोंद व्हायला पाहिजे. तिथून पाण्याचे नमुनेही घेतील. गल्लीतल्या गरोदर बायकांना आजपासूनच उकळलेलं पाणी.

मग पाणी सुटायच्या वेळी ग्रामपंचायतीचा माणूस, ओटीची बाटली आणि नळी घेऊन टोकाच्या शेवटच्या घरी जा. पहिलं पाणी जाऊ द्या, मग नळी भरा. टाकीजवळच्या घरात रंग आला आणि शेवटच्या घरात आला नाही, तर मधे कुठंतरी नळी फुटलीय. बहुतेक वेळा जिथं नळी गटार ओलांडते तिथं. तिथं खणायला लावा. नुसती पावडर वाढवून भागणार नाही.

बावडेकरीण

उद्या सकाळी साडेसहाला पाणी येतं. मी आणि भाऊ शेवटच्या घरी थांबतो. काय निघालं ते इथं लिहिते.